कृतज्ञतेला गुण किती?

‘गुण’ हा शब्द मराठीत माणसाच्या शीलालाही लागतो आणि परीक्षेच्या कागदालाही. मुलांची कृतज्ञता मोजणाऱ्या मानसशास्त्रात या दोन अर्थांची गल्लत होते काय, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रॅमर यांचा १९३८ सालचा निबंध आजही वाचनीय आहे. स्वित्झर्लंडमधील ७ ते १५ वर्षांच्या मुलांना त्यांनी दोनच प्रश्न विचारले. तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती? ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? उत्तरांचे त्यांना चार प्रकार आढळले. कोणी नुसते आभार मानतो. कोणी आपले लाडके खेळणे देऊ करतो. घेणाऱ्या प्रौढाला त्याचा उपयोग असो वा नसो! कोणी देणाऱ्याला काय हवे असेल याचा विचार करतो, तर कोणी मिळालेल्या देणगीचे चीज करू म्हणतो. वयाबरोबर खेळणे मागे पडते आणि देणाऱ्याचा विचार पुढे येतो. या निबंधाचे मोल आमच्या मते येथेच आहे. मुलाची नजर स्वतःवरून दुसऱ्याकडे कशी वळते, हे त्यात दिसते.

मॅककुलो, एमन्स आणि त्सांग यांची २००२ सालची प्रश्नावली मूळची प्रौढांची, पुढे मुलांसाठीही वापरली गेली. तिच्यात सहा विधाने असून प्रत्येकाशी आपण कितपत सहमत आहोत हे १ ते ७ या आकड्यांत सांगायचे असते. शेकडो मुलांचा एकत्रित कल पाहण्यास ती सोयीची आहे, हे मान्य. परंतु तीत मूल स्वतःच्या भावनेविषयीच बोलते. देणारा धूसर होतो. उपकार ओळखणे, आभार मानणे आणि योग्य वेळी यथाशक्ती परतफेड करणे, अशा तीन पायऱ्या संत थॉमस अक्विनास यांनी सांगितल्या आहेत. तिसरीपर्यंत ही सहा विधाने पोहोचत नाहीत. मग एकेका मुलाच्या प्रगतिपुस्तकात अशा आकड्याला जागा कशी द्यावी?

आपल्या घरांतून तर मूल जेवणाबद्दल आईचे आभार मानीत नाही. मानले तर आजीला हसू येईल. तेच मूल, आई तापाने निजली असता, कोणी न सांगता पाणी भरून ठेवते. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करावी? बाउमगार्टेन-ट्रॅमर यांचा प्रश्नही येथे अपुराच पडतो, कारण तो ‘काय करशील’ एवढेच विचारतो. चुणचुणीत मूल त्याचे सुरेख उत्तर देईल. पाणी भरणाऱ्याला ते कदाचित सुचणारही नाही.