एक ईश्वर, एक सम्राट : पेटर्सन-श्मिट वादाचा पुनर्विचार

एरिक पेटर्सन यांचा ‘राजकीय समस्या म्हणून एकेश्वरवाद’ हा जर्मन प्रबंध 1935 साली प्रसिद्ध झाला. वरवर पाहता तो प्राचीन ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आहे. परंतु त्याच्या अखेरच्या टिपेत कार्ल श्मिट यांच्या ‘राजकीय ईश्वरशास्त्र’ (1922) या ग्रंथाचा उल्लेख येतो आणि प्रबंधाचा खरा रोख स्पष्ट होतो. बॉन विद्यापीठात हे दोघे एकेकाळचे सहकारी व स्नेही. पेटर्सन 1930 मध्ये प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक झाले. जन्माने कॅथलिक असलेले श्मिट 1933 मध्ये नाझी पक्षाचे सभासद झाले. कॅथलिक श्रद्धेतून एखाद्या राज्यव्यवस्थेचे समर्थन निष्पन्न होते काय, हा प्रश्न त्यांच्यापुरता केवळ विद्वच्चर्चेचा उरला नव्हता.

आधुनिक राज्यविचारातील महत्त्वाच्या संकल्पना म्हणजे ऐहिक रूप धारण केलेल्या ईश्वरशास्त्रीय संकल्पनाच होत, हे श्मिट यांचे प्रतिपादन. पेटर्सन यांनी या साधर्म्याच्या मुळावरच घाव घातला. एक ईश्वर, एक सम्राट, एक साम्राज्य ही साखळी बिशप युसेबियस यांनी कॉन्स्टंटाइनच्या गौरवार्थ जुळविली. त्रैक्याच्या सिद्धान्ताने ती तोडली. कारण तीन व्यक्तींचे ते ऐक्य सृष्टीत अन्यत्र आढळत नाही, म्हणून त्याची प्रतिकृती कोणत्याही सिंहासनावर बसविता येत नाही. येथे पेटर्सन यांचा मुख्य आधार म्हणजे नाझिआंझसचे ग्रेगरी.

युक्तिवाद देखणा आहे. इतिहास मात्र त्याला पुरती साथ देत नाही. 380 साली सम्राट थिओडोसियसने त्रैक्यश्रद्धाच राजाज्ञेने साम्राज्याचा धर्म ठरविली, आणि त्याच वर्षी ग्रेगरींना कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये नेण्यात आले ते सैनिकांच्या पहाऱ्यात. ज्या सिद्धान्ताने राजसत्तेचे दैवी समर्थन अशक्य केले म्हणावयाचे, त्याचाच विजय राजसत्तेच्या हातून व्हावा, याचा उलगडा पेटर्सन यांच्या मांडणीतून होत नाही. 1970 मध्ये उत्तर देताना श्मिट यांनी त्यांच्या निष्कर्षाला ‘दंतकथा’ म्हटले. श्मिट यांचे राजकीय चरित्र निंद्य खरे, पण तेवढ्याने हा आक्षेप बाद होत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 1923 च्या पुस्तिकेत श्मिट यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेचा गौरव केला, तो एकेश्वरवादासाठी नव्हे. पद, प्रतिनिधित्व आणि कायदा यांवर उभ्या असलेल्या तिच्या संस्थात्मक रूपासाठी. पेटर्सन यांचे खंडन तेथवर पोहोचत नाही. 23 मार्च 1933 रोजी कॅथलिकांच्या सेंट्रम पक्षाने हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने मत दिले. 5 जुलै रोजी तो पक्ष स्वतःहून विसर्जित झाला आणि 20 जुलै रोजी व्हॅटिकन व जर्मनी यांच्यात करार झाला. यांपैकी कशालाही ‘एक ईश्वर, एक नेता’ असल्या साधर्म्याची गरज पडली नाही. धर्मशाळा नव्हे, तर धर्मशिक्षण देणाऱ्या शाळा, संस्था आणि धर्मगुरूंचे हक्क सुरक्षित राहावेत, ही चिंता पुरेशी ठरली.

मग पेटर्सन यांच्याकडून घ्यावयाचे ते काय? श्रद्धेला त्यांनी खाजगी कोपऱ्यात लोटलेले नाही, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांकडून निसटते. ‘सत्याचा साक्षी’ (1937) या पुस्तकातील हुतात्मा न्यायासनासमोर उभा राहून उघडपणे बोलतो. तो सत्तेला अधिष्ठान देत नाही आणि तिच्यापासून तोंडही लपवीत नाही. त्याच वर्षी 21 मार्चला पोप अकरावे पायस यांचे जर्मन भाषेतील परिपत्रक जर्मनीतील चर्चमधून वाचले गेले. त्यात करारभंगाची तक्रार आहे, तसाच वंश आणि राज्य यांच्या दैवतीकरणाचा निषेधही आहे. तक्रारीचा सूर 1933 च्या कराराचा आहे. पेटर्सन यांना अभिप्रेत असलेली साक्ष निषेधाच्या भागात ऐकू येते.