नादाचे घनत्व आणि लहान सभागृह

गिटारींच्या दाट, लांबलेल्या, परस्परांत मिसळून गेलेल्या नादात गायकाचा आवाज जवळजवळ विरवून टाकणारा जो पाश्चात्त्य संगीतप्रकार शूगेझ या नावाने ओळखला जातो, त्याला गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा बरकत आली आहे. परंतु ही बरकत टिकायची असेल तर ध्वनिमुद्रिकांच्या खपावर विसंबून भागणार नाही, लहान शहरांतील लहान सभागृहे शाबूत राहिली पाहिजेत, असे प्रतिपादन मी येथे करू इच्छितो.

या कलेचा मूळ मुलूख लंडनच्या हद्दीबाहेरचा आहे. १९८५ साली ‘सायकोकँडी’ या ध्वनिमुद्रिकेत गोंगाट आणि माधुर्य यांचा संयोग घडविणारा जीझस अँड मेरी चेन हा वृंद स्कॉटलंडमधील ईस्ट किलब्राइडचा. १९८८ मध्ये उभा राहिलेला राइड ऑक्सफर्डचा, पुढल्याच वर्षीचा स्लोडाइव्ह रेडिंगचा. आणि १९९१ च्या ‘लव्हलेस’मध्ये ज्याने या शैलीचे परिपूर्ण रूप सिद्ध केले तो माय ब्लडी व्हॅलेंटाइन जन्माने डब्लिनचा. ऑक्सफर्डसारख्या लहान शहरात जेरिको टॅव्हर्न या मद्यगृहाच्या माडीवरील खोलीने अनेक नवोदित वृंदांना पहिला श्रोता मिळवून दिला.

अशा खोलीत या संगीताचे नेमके काय होते, हे समजून घेतले पाहिजे. मोठ्या रंगमंचावर गिटारचा नाद ध्वनिक्षेपकांच्या राशींतून सारखा वाटला जाऊन दूरवर पोहोचतो. लहान खोलीत तो वादकाच्या पाठीमागच्या अॅम्प्लिफायरमधून थेट श्रोत्याच्या छातीवर येतो, भिंतींवरून परततो आणि गिटारच्या तारांना पुन्हा कंपित करतो, त्यामुळे वादक एक पाऊल मागे सरकला तरी नादाचा पोत पालटतो. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची ट्रेमोलो दांडी हातात धरूनच तारा छेडतो आणि त्याचा स्वर सतत किंचित ढळता राहतो; ‘यू मेड मी रिअलाइझ’ या १९८८ च्या गीताच्या मध्यभागातील एकच कल्लोळ त्याचा वृंद प्रत्यक्ष प्रयोगात कित्येकदा पंधरा मिनिटांहूनही अधिक लांबवीत आला आहे. आरंभी श्रोता त्यात चाल शोधतो, ती न सापडल्याने अस्वस्थ होतो. पण एकदा हा शोध थांबला की, जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू यावा, तसे त्या कल्लोळातून कोणीही न वाजविलेले स्वर उमटू लागतात. आवाजाची तीव्रता हे येथे रचनेचे द्रव्यच आहे, आणि घरातील यंत्रावर ते द्रव्य अर्धेच हाती लागते.

तथापि प्रत्येक मोठा आवाज म्हणजे कला नव्हे. प्रतिध्वनी निर्माण करणारी पेडले आज सहज उपलब्ध झाल्यामुळे चालीचे दारिद्र्य धुक्याआड झाकण्याचा मोह नव्या वृंदांना अनावर होतो. स्लोडाइव्हची ‘सुव्लाकी’ (१९९३) आजही ऐकवते, याचे कारण त्या धुक्याखाली गीताचा सांगाडा भक्कम आहे. कानांचे रक्षण हाही रसिकतेचा भाग मानला पाहिजे: दर तीन डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने शंभर डेसिबलची मर्यादा सुचविली आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या २००८ च्या पुनरागमनात प्रवेशद्वारापाशी कानांत घालावयाचे बोळे वाटले गेले, तो पायंडा अनुकरणीय होय.

‘पिग्मेलियन’ (१९९५) नंतर स्लोडाइव्हला त्याच्या ध्वनिमुद्रण संस्थेने निरोप दिला, १९९६ मध्ये राइड विसर्जित झाला, आणि ही शैली संपली असे त्या काळच्या ब्रिटिश समीक्षेने जवळजवळ ठरवून टाकले. काळाने तो निवाडा फिरविला: २०१३ साली माय ब्लडी व्हॅलेंटाइनची नवी ध्वनिमुद्रिका आली, २०१४ मध्ये स्लोडाइव्ह रंगमंचावर परतला, २०१७ मध्ये त्याने आणि राइडने नव्या रचना दिल्या, आणि या वृंदांच्या विघटनानंतर जन्मलेली तरुण पिढी आज त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी करते.

परंतु ही गर्दी बहुतांशी मोठ्या प्रेक्षागृहांच्या पदरात पडते. ब्रिटनमध्ये २०२३ या एकाच वर्षी सव्वाशे लहान संगीतस्थळे बंद पडली किंवा तेथील संगीत थांबले, अशी नोंद म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने केली आहे; ऑक्सफर्डमधील द सेलर २०१९ सालीच बंद झाले. भाडे, करभार, विजेची देयके आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ही त्यामागील ठळक कारणे होत. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरे बांधणाऱ्याने ध्वनिरोधाची तजवीज स्वतः करावी, हे तत्त्व इंग्लंडच्या नगररचना धोरणात २०१८ साली दाखल झाले, ते स्तुत्य आहे. पण तेवढ्याने कोणाचे भाडे फिटत नाही. मोठ्या प्रेक्षागृहांच्या तिकिटांवर अल्प अधिभार बसवून तो निधी लहान स्थळांकडे वळवावा, ही मागणी म्हणून मला सर्वथा न्याय्य वाटते. जे वृंद आज हजारोंपुढे वाजवितात ते शंभरांपुढे वाजवूनच आपला नाद घडवू शकले. पुढच्या पिढीला तीच मुभा देणे हे या कलेवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.