कळविण्याचे कर्तव्य, करण्याची सवलत : अमेरिकेच्या १९९८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याची चिकित्सा
अमेरिकेचा १९९८ चा आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायदा हा प्रामुख्याने अहवालांचा कायदा होय. परराष्ट्र खात्याने वार्षिक अहवाल द्यावा, राष्ट्राध्यक्षांनी 'विशेष चिंतेचे देश' घोषित करावेत आणि त्यांच्याविरुद्ध काय केले ते काँग्रेसला कळवावे, अशी त्याची रचना आहे. परंतु नवे काही करणे बंधनकारक नाही. चीन १९९९ पासून यादीत आहे. त्याच्यावरील कारवाई म्हणून पोलिसी उपकरणांच्या निर्यातीवरील निर्बंध दाखविले जातात. हे निर्बंध तिआनआनमेन प्रकरणानंतर, १९९० मध्येच कायद्याने लागू झाले होते! जुन्या निर्बंधांचा असा पुनर्वापर हा अधिकाऱ्यांचा चुकारपणा नव्हे, कायद्यानेच दिलेली मुभा आहे. सौदी अरेबियाची घोषणा २००४ मध्ये झाली. २००५ मध्ये १८० दिवसांची सूट मिळाली, २००६ मध्ये ती बेमुदत झाली. २०१६ च्या फ्रँक वुल्फ दुरुस्तीने अहवालानंतर ९० दिवसांत घोषणा करण्याचे बंधन घातले. सूट देण्याचा अधिकार मात्र कायम राहिला.
व्हिएतनामशी २००५ मध्ये झालेला करार हा तुलनेने आशादायक प्रयोग मानावा लागतो. २००६ मध्ये, सल्लागार आयोगाचा विरोध असतानाही, त्याचे नाव वगळण्यात आले. २०२२ मध्ये तोच देश विशेष निरीक्षण यादीत दाखल झाला.