थट्टेची मुभा आणि संमतीचे स्वरूप : ‘बिग बॉस’च्या निमित्ताने

खोडी ही मराठी रंगपरंपरेला नवी नाही. तमाशातील गवळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवितो, दाण मागतो. पेंद्या त्याची तळी उचलतो आणि मावशी दोघांशीही हुज्जत घालते. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात रचलेल्या गौळणींतही ह्याच खोडीचे विविध विलास आढळतात. अशा प्रसंगी प्रेक्षकाला येणारे हसू निर्वेध असते, कारण गौळण झालेल्या पात्रास पुढचा संवाद ठाऊक आहे, हे तो जाणून असतो. तिचा नकार हा प्रयोगाचाच भाग होय. वाट अडविली जाते ती भूमिकेची. भूमिका करणारी व्यक्ती त्या अडवणुकीच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर उभी असते. दूरचित्रवाणीवरील रिअ‍ॅलिटी शो ह्या नावाने ओळखला जाणारा प्रकार नेमके हेच हसू मागतो. मात्र हे अंतर तेथे ठेवलेले नसते. स्पर्धक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या देहाने आणि पुष्कळदा स्वतःच्या घरगुती दुःखासह तेथे वावरत असतो. ह्या भेदामुळे थट्टेचे स्वरूप कसे पालटते, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

ह्या प्रकाराचे मूळ नेदरलँड्समध्ये 1999 साली सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ ह्या कार्यक्रमात आहे. त्याचा हिंदी अवतार ‘बिग बॉस’ 2006 मध्ये, तर मराठी अवतार एप्रिल 2018 मध्ये अवतरला. मराठीच्या पहिल्या पर्वाचे घर लोणावळ्यास होते. घड्याळ, वृत्तपत्र, दूरध्वनी ह्यांपैकी काहीही जवळ नसलेली माणसे अनेक आठवडे एका घरात कोंडली जातात, सर्वत्र कॅमेरे असतात आणि कोणी राहावे, कोणी जावे ह्याचा कौल प्रेक्षक देतात. अशा रिकामपणात खोडी ही केवळ खोडी राहत नाही, ती घटना होते. जो खोडी काढतो तो पडद्यावर दिसतो आणि जो दिसतो तो टिकण्याचा संभव अधिक. साध्या गृहस्थी जीवनात थट्टेला असा बाजारभाव कधी नव्हता.

डिसेंबर 2021 मधील एक प्रसंग ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मराठीच्या दुसऱ्या पर्वात (2019) गाजलेले साताऱ्याचे अभिजित बिचुकले हिंदीच्या पंधराव्या पर्वात सहभागी झाले होते. एका खेळात त्यांनी देवोलीना भट्टाचार्जी ह्यांना साहाय्य केले आणि त्याच्या मोबदल्यात गालाच्या मुक्याची मागणी पुनःपुन्हा केली. देवोलीना ह्यांनी नकार दिला, मर्यादा ओलांडू नये असे बजावले आणि पुढे मोठे भांडण झाले. आपण थट्टा करीत होतो, असा बचाव पुढे आला. सूत्रसंचालक सलमान खान ह्यांनी बिचुकले ह्यांची कानउघाडणीही केली. प्रसंगाची नाट्यमयता येथे गौण आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे की, ‘थट्टा’ हा शब्द मागणीबरोबर आलेला नव्हता. तो आक्षेपानंतर आला. कृती होते तेव्हा ती निनावी असते, तिचे बारसे मागाहून होते, आणि नाव ठेवण्याचा मान मात्र कृती करणाऱ्याकडेच राहतो.

मानवशास्त्रात ‘थट्टेची नाती’ ही संकल्पना सुपरिचित आहे. रॅडक्लिफ-ब्राउन ह्यांनी 1940 साली तिचे विवेचन करताना, अशा नात्यात एका पक्षाला थट्टेची मुभा असते आणि दुसऱ्या पक्षाने राग मानू नये असे बंधन असते, हे तिचे मर्म सांगितले. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, लग्नातील विहिणी ही आपल्याकडील उदाहरणे प्रत्येक वाचकाच्या परिचयाची आहेत. ह्या मुभेला हिशेबाची बाजूही असते. आज भावजयीची थट्टा करणारा दीर उद्या तिच्याच हातचे खाणार असतो. त्याचे लग्न व्हावयाचे असते व तेव्हा सगळी परतफेड व्हावयाची असते. मर्यादा ओलांडलीच, तर कान धरावयास वडीलधारी माणसे घरात असतात. (भावजयीला हे बंधन नेहमीच सुखाचे झाले, असे मात्र म्हणवत नाही.) बिग बॉसच्या घरात आठवड्याभरात कोणी कोणाचा ‘भाऊ’ होतो, कोणी ‘ताई’ होते. नात्याचे शब्द येतात. नात्यातील परतफेड येत नाही, वडीलधारेही येत नाहीत. आणि तरीही ‘राग मानू नये’ हे बंधन तेवढे पूर्ण शक्तीने लागू केले जाते. ज्याने राग मानला तो ‘खेळ न समजणारा’ ठरतो, आणि खेळ न समजणाऱ्याला मते मिळत नाहीत. शिमग्यालाही अशीच मुभा असते. परंतु शिमगा ठरल्या तिथीस येतो, ठरल्या तिथीस संपतो, आणि त्या दिवसांत रंग टाकणारा व रंग पडणारा ह्यांची आलटापालट सर्व गावभर चालू असते.

ह्यावर स्पर्धकांनी करारावर सह्या केलेल्या असतात, हे उत्तर ठरलेले आहे. ते तपासून घेतले पाहिजे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या 13 व्या कलमानुसार दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली, तरच ती संमती होय. स्पर्धक चित्रित होण्यास, कोंडून राहण्यास, मतांनी बाहेर पडण्यास संमती देतो आणि ती देतो निर्मात्याला. शेजारच्या खाटेवरील माणसाला त्याने काहीच दिलेले नसते. दारावरची ही एकच सही पुढे घडणाऱ्या प्रत्येक स्पर्शाला पुरते, असे मानणे हा अर्थाचा विपर्यास आहे. दौलतजादा करणाऱ्या रसिकालाही कधी काळी असेच वाटत असे की, फडातील नर्तकीने बैठकीस होकार दिला म्हणजे त्याच्या नोटेलाही होकार दिला. गवळणीतील पात्र सुरक्षित असले, तरी ते पात्र रंगविणारी स्त्री नेहमीच सुरक्षित होती असे नव्हे, ह्याची जाणीव तमाशाच्या अभ्यासकाने सोडता कामा नये.

हिंदीच्याच चौदाव्या पर्वात, 2021 च्या प्रारंभी, राखी सावंत ह्यांनी अभिनव शुक्ला ह्यांच्या अर्ध्या विजारीची नाडी ओढली. अभिनव व त्यांच्या पत्नी रुबिना दिलैक ह्यांनी त्यास आक्षेप घेतला, आणि चर्चा झाली ती ‘ह्याला करमणूक म्हणावे काय’ ह्या मुद्द्यावर. ज्याची नाडी ओढली गेली तो पुरुष असल्यामुळे थट्टेची सबब अधिक सहज पचली असावी. स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून हाच प्रसंग डोळ्यांपुढे आणल्यास ते कळून येते. ऑस्ट्रेलियातील ‘बिग ब्रदर’मध्ये 1 जुलै 2006 रोजी तर एका पुरुषाने सहस्पर्धक स्त्रीला बिछान्यात धरून ठेवले आणि दुसऱ्याने आपले गुप्तांग तिच्या तोंडावर टेकविले. ह्या कृत्याला तेथील बोलीत आधीपासूनच एक विनोदी नाव होते. दोघांना घराबाहेर काढण्यात आले, पंतप्रधान जॉन हॉवर्ड ह्यांनी कार्यक्रम बंद करण्याचे आवाहन केले. पोलिसांनी मात्र कोणावर आरोप ठेवले नाहीत. विनोदी नाव असलेली गोष्ट गुन्हा म्हणून ओळखणे किती जड जाते, ह्याचे हे उदाहरण आहे.

तंत्राचा वाटाही ह्यात थोडा नाही. चोवीस तासांचे चित्रण सुमारे तासाभरात बसवावयाचे असते. खोडीखाली हलकेफुलके संगीत घातले की प्रेक्षकाला ती खोडी वाटते. तेथेच गंभीर सूर लावला तर तो सावरून बसतो. नकाराच्या आधीचे मौन, टाळाटाळ, नाइलाजाचे हसू, म्हणजे ज्यांतून नकार हळूहळू आकारास येतो ते सारे, कात्रीखाली जाण्याचा संभव सर्वांत अधिक. मग ‘आधी हसत होती, आता का रडते?’ हा प्रश्न विचारणे सोपे जाते. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद केले, ते हसण्याच्या मर्यादेवरून आणि हसणाऱ्याच्या प्रकृतीवरून. भीतीने किंवा संकोचाने हसणाऱ्याचे हसू त्या सहांत कोठेच बसत नाही. ते हास्यरसाचे नव्हेच.

उलट बाजूचा पुरावाही टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये 2018 साली रोक्सॅन पॅलेट ह्यांनी रायन टॉमस ह्यांच्या खेळकर हालचालीला मारहाण ठरविले. नियामक संस्थेकडे 25,000 हून अधिक तक्रारी आल्या आणि पॅलेट ह्यांना क्षमा मागावी लागली. तक्रार करणाराही चुकू शकतो. परंतु तेथे जे घडले ते कॅमेऱ्याने स्वच्छ टिपलेले असल्यामुळे निवाडा होऊ शकला. संमतीचा अभाव असा टिपता येत नाही. भारतात शासनाने नोव्हेंबर 2010 मध्ये ‘बिग बॉस’ रात्री 11 नंतर दाखविण्याचा आदेश काढला (मुंबई उच्च न्यायालयाने त्यास तात्पुरती स्थगिती दिली), तेव्हा काळजी होती ती पाहणाऱ्याच्या सभ्यतेची. ज्याच्या देहावर खेळ चालतो, त्याचा विचार त्या वादात जवळजवळ नव्हता.

2024 च्या मराठी पर्वात आर्या जाधव ह्यांनी निक्की तांबोळी ह्यांच्यावर हात उगारला. निक्की मूळच्या ह्याच शहराच्या, त्यामुळे ह्या प्रसंगाची चर्चा येथे अधिकच झाली. आर्या ह्यांना घराबाहेर काढण्यात आले, कारण शारीरिक हिंसेविरुद्ध घराचा स्पष्ट नियम आहे आणि थप्पड कॅमेऱ्यासमोर सिद्ध करता येते. आदल्या दिवसांतील चिडवणे, डिवचणे, वाट अडविणे ह्यांपैकी कोणते निक्की ह्यांना किंवा आर्या ह्यांना नको होते आणि ते त्यांनी केव्हा सांगितले, ह्याची नोंद करण्यास त्या नियमावर जागा नव्हती.