निःशब्द चित्रकथेतील नकार

संवादरहित ॲनिमेशनपटांची प्रशंसा करताना ‘चित्राला भाषेची गरज नसते’ असे पुष्कळदा म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. नकार आणि संकेतार्थ ही भाषेची दोन सामर्थ्ये चित्राला उपजत लाभलेली नाहीत. ‘तो आला नाही’ आणि ‘तो आला असता तर’ ही वाक्ये लेखक सहज लिहितो. चित्र मात्र समोर असेल तेवढेच दाखवते. निःशब्द कथनाची खरी कसोटी येथेच लागते.

मायकेल ड्यूडोक डे विट यांचा ‘फादर अँड डॉटर’ (२०००) हा सुमारे आठ मिनिटांचा लघुपट या कसोटीस उतरतो. वडील लहान मुलीचा निरोप घेऊन होडीतून निघून जातात. त्यानंतर ती सायकलवरून त्याच बांधावर पुनःपुन्हा येते. बालपणी, मैत्रिणींसमवेत, पुढे पती व मुलांसह आणि अखेरीस वृद्धावस्थेत. वडील परतले नाहीत, हे तिच्या येण्याच्या, थांबण्याच्या आणि माघारी जाण्याच्या आवर्तनातूनच उमगते. अभंगातील ध्रुवपद प्रत्येक चरणानंतर अधिक अर्थ घेऊन यावे, तसे ते रिकामे पाणी दर खेपेस अधिक रिकामे होत जाते.

संकेतार्थाचा प्रश्न गीतांजली राव यांनी ‘प्रिंटेड रेनबो’मध्ये (२००६) रंगाने सोडवला आहे. एकाकी वृद्धा आणि तिचे मांजर यांचे घर करड्या छटांत आहे. काडेपेट्यांवरील चित्रांच्या जगात ती शिरते तेव्हाच रंग उमलतात. ‘असे असते तर’ हे येथे वर्णांतरातून व्यक्त होते.

मात्र शब्द वगळले म्हणजे कथन आपोआप संयत होत नाही. ‘फादर अँड डॉटर’मध्ये ‘डॅन्यूबच्या लाटा’ या वॉल्ट्झची सुरावट काही ठिकाणी प्रेक्षकाच्या आधीच व्याकूळ होते. विशेषणांचे काम तेथे संगीत करू लागते. उलट, वडील का गेले याविषयी पाळलेले मौन सार्थ आहे. कारण कळले असते, तर प्रेक्षक त्यांचा न्यायनिवाडा करीत बसला असता. ते न कळल्याने तो मुलीबरोबर केवळ वाट पाहतो. शब्दांचा त्याग येथे उणीव न राहता कथेची नैतिक भूमिका ठरतो, आणि अशा कलाकृतीचे मूल्य त्यातच आहे.