सैतान नाही, भीती

१३ फेब्रुवारी १९७० ला शुक्रवार होता. ब्लॅक सॅबथचा त्याच नावाचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये त्या दिवशी आला. अपशकुनाचा मुहूर्त अगदी कॅलेंडर बघून काढल्यासारखा. कव्हरवर ऑक्सफर्डशरमधली जुनी पाणचक्की आणि तिच्यासमोर काळ्या झग्यातली, फिकट चेहऱ्याची बाई. कव्हर उघडलं की आत उलटा क्रॉस. तो आम्हाला न विचारता छापला, असं बँडवाले नंतर सांगत राहिले. पण सुई रेकॉर्डवर टेकायच्या आधीच लोकांनी काय ऐकायचं ते ठरवून टाकलं होतं.

भाविक घाबरले, हे समजू शकतं. गंमत दुसऱ्या टोकाची आहे. सैतानाची खरोखर उपासना करणाऱ्यांना हे चौघं आपलेच वाटले आणि बँडला त्यांची आमंत्रणं यायला लागली. चौघांनी काय केलं? गळ्यात क्रॉस घालायला सुरुवात केली! 'एन. आय. बी.' या गाण्याच्या नावाचा तर लोकांनी काळ्या जादूशी जोडलेला लांबलचक अर्थ लावला. खरं कारण इतकंच, की ड्रमर बिल वॉर्डची दाढी मित्रांना पेनाच्या निबसारखी दिसायची. मधले टिंब नंतर आले.

समीक्षक वेगळ्याच कारणानं चिडले. 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जनं लिहिलं, की यात गूढविद्या वगैरे काही नाही, ही 'क्रीम' बँडची वाईट नक्कल आहे. मला यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण ते बरोबर आहे. यात सैतानाची भक्ती नाहीच. फक्त, मग आहे काय, हा पुढचा प्रश्न बँग्जनं तेव्हा विचारला नाही.

पहिलं गाणं ऐका. पाऊस, लांबची घंटा, आणि मग गिटारचे तीन स्वर. गाण्यातला माणूस कुणाला बोलावत नाहीये, तो पळायला बघतोय. समोर काळी आकृती उभी आहे आणि तो देवाचा धावा करतोय. बेसवादक गीझर बटलर आयरिश कॅथलिक घरातला. पलंगाच्या पायथ्याशी काहीतरी काळं उभं दिसल्याचा त्याचा अनुभव या गाण्यामागे आहे. म्हणजे गाणं घाबरलेल्या माणसाचं आहे. ऐकणाऱ्यांनी ते घाबरवणाऱ्याचं समजलं.

त्या तीन स्वरांबद्दल एक दंतकथा सारखी फिरते, की हे 'सैतानाचं अंतर' आहे आणि चर्चनं त्यावर बंदी घातली होती. आपल्या कानानं ऐकलं तर ते खालचा सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम. तीव्र मध्यम यमनमध्येही आहे, आणि यमन ऐकून कुणी दिवा लावून झोपत नाही. भीती स्वरात नाही, तो कसा सोडलाय त्यात आहे. लय इतकी संथ, की दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी येईल असं वाटत राहतं. तिसरा स्वर नुसता वाजत नाही, थरथरत लोंबकळतो. खाली आधाराला दुसरं काही नाही.

हा आवाज कुठून आला, हे शोधायला जादूची पुस्तकं नकोत. चौघं बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनचे, कामगार वस्तीतले. टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या मशीननं नेली होती. प्लॅस्टिक वितळवून त्यानं स्वतःच टोपणं बनवली आणि ती घालून वाजवत राहिला. ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. अशा पोरांना भीतीबद्दल गायला सैतान कशाला लागतो?

विकत घेणाऱ्यांना हे कळलं असावं. समीक्षकांनी झोडपूनही अल्बम ब्रिटनमध्ये ८ व्या आणि अमेरिकेत २३ व्या क्रमांकापर्यंत गेला.

आता बँग्जची उरलेली अर्धी बाजूही मान्य करायला हवी. मूळ ब्रिटिश रेकॉर्डची दुसरी बाजू ढिली आहे. 'ईव्हिल वुमन' दुसऱ्या बँडचं गाणं, तेही इथे उगाच आल्यासारखं. दहा मिनिटांच्या 'वॉर्निंग'मध्ये आयोमी बराच वेळ नुसता फिरत राहतो, आणि तिथे 'क्रीम' आठवतेच. बहुतेक सगळं एका दिवसात रेकॉर्ड झालंय, ते अशा वेळी ऐकू येतं. पण पहिल्या बाजूचा जिवंतपणाही त्याच घाईतला आहे. वॉर्ड जॅझवाल्यासारखा झुलत वाजवतो, आणि ते झुलणं पुढच्या कितीतरी मेटल बँडना जमलंच नाही.

बँग्जनं १९७२ मध्ये 'क्रीम' नावाच्याच मासिकात सॅबथवर पुन्हा लांबलचक लिहिलं. या वेळी त्याला हे लोक नीतिवादी वाटले. 'रोलिंग स्टोन'नं पुढे हाच अल्बम आपल्या सर्वोत्तम ५०० च्या यादीत घेतला.

५ जुलै २०२५ ला ॲस्टनमधल्याच व्हिला पार्कवर मूळ चौघं शेवटचे एकत्र वाजले. ऑझी सिंहासनावर बसून गायला, उभं राहणं आता शक्य नव्हतं. त्या रात्रीच्या चार गाण्यांत या पहिल्या अल्बममधलं एकच होतं, 'एन. आय. बी.', दाढीवरून नाव पडलेलं. सतरा दिवसांनी ऑझी गेला.