स्त्रियांच्या कर्करोग चाचण्यांमधील वांशिक प्रतिनिधित्व : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही कृष्णवर्णीय महिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मरण पावली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता काढून घेण्यात आल्या. 'हेला' या नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढल्या आणि पुढे या कर्करोगाचे एक कारण ठरलेल्या एचपीव्ही 18 या विषाणूचा अंश त्यांतच आढळला. या रोगाविषयीचे बरेचसे ज्ञान अशा रीतीने एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या देहातून आले. परंतु ज्या चाचण्यांवरून औषधोपचार ठरतात, त्या चाचण्यांत तिच्या समाजातील स्त्रिया किती असतात? प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अशा चाचण्यांची या दृष्टीने चिकित्सा केली आहे.

आकडेवारी व तिचा अर्थ

स्त्रिया व अल्पसंख्य समाजघटक यांना शासकीय निधीवरील वैद्यकीय संशोधनात सामावून घ्यावे, असा कायदा अमेरिकेत 1993 मध्ये झाला. गायनॅकॉलॉजिक ऑन्कॉलॉजी ग्रुप हा स्त्रियांच्या कर्करोगावर चाचण्या घेणारा मोठा गट शासकीय निधीवरच चालत असे. या गटाच्या 1985 ते 2013 या काळातील 445 शोधनिबंधांचा आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी केवळ 170 निबंधांत रुग्णांच्या वंशाची नोंद होती. उरलेल्या 275 निबंधांत हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता, किंवा विचारला असला तरी छापला गेला नव्हता. जेथे नोंद होती तेथे श्वेतवर्णीय 83 टक्के, कृष्णवर्णीय 8 टक्के आणि 'इतर' 9 टक्के असे प्रमाण होते. याहून गंभीर बाब अशी की, 1994 ते 2002 या काळात 16 टक्के असलेला कृष्णवर्णीयांचा वाटा 2009 ते 2013 या काळात 5.8 टक्क्यांवर आला. कायदा लागू असताना हे प्रमाण घटले, हे लक्षात घेतले पाहिजे. केवळ कायद्याच्या कलमाने रुग्ण चाचणीपर्यंत पोहोचत नाही, हे यावरून दिसते.

ही उणीव केवळ हिशेबाची नाही. अमेरिकेत गर्भाशयाच्या कर्करोगाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे. या रोगाचे अधिक आक्रमक प्रकारही त्यांच्यात जास्त आढळतात. ज्यांना औषधाची गरज सर्वाधिक, त्यांच्यावर ते औषध सर्वांत कमी तपासले गेले, असा हा उलटा न्याय आहे.

निकषांतील पूर्वग्रह

निवडीचे निकष वरवर तटस्थ दिसतात, तथापि ते तसे असतातच असे नाही. रक्तातील न्यूट्रोफिल पेशी ठरावीक संख्येपेक्षा कमी असल्यास अनेक चाचण्यांत प्रवेश मिळत नाही. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य लोकांमध्ये डफी या रक्तगटाच्या एका विशिष्ट प्रकारामुळे ही संख्या निसर्गतःच कमी असते. तो आजार नव्हे. एका समाजाच्या मोजमापाला सर्वांचे मोजमाप मानले की निरोगी व्यक्तीही अपात्र ठरते.

निदानाच्या बाबतीतही हेच घडले. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी 4 मिलिमीटर वा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता नगण्य मानली जाई. हा नियम मुख्यतः श्वेतवर्णीय स्त्रियांवरील अभ्यासांवर आधारलेला होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या 2024 मधील अभ्यासात, कर्करोग असलेल्या 210 रुग्णांपैकी सुमारे 11 टक्के स्त्रियांत ही जाडी 5 मिलिमीटरहून कमी आढळली. म्हणजे केवळ सोनोग्राफीवर विसंबले असते तर नऊ-दहा रुग्णांमागे एकीचा कर्करोग निसटला असता.

अविश्वासाचा युक्तिवाद

कृष्णवर्णीय रुग्णांचा डॉक्टरांवर विश्वास नाही, म्हणून ते चाचणीत येत नाहीत, असे कारण वारंवार पुढे केले जाते. अविश्वासाला इतिहास आहे, यात शंका नाही. 1840 च्या दशकात अलाबामात जे. मॅरियन सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्याच राज्यात टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिसच्या रुग्णांना जाणूनबुजून उपचाराविना ठेवले गेले. परंतु 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, चाचणीविषयी प्रत्यक्ष विचारणा झाल्यावर कृष्णवर्णीय कर्करुग्णांपैकी सुमारे 58 टक्के व श्वेतवर्णीयांपैकी 55 टक्के रुग्णांनी होकार दिल्याचे आढळले. म्हणजे अडचण मुख्यतः नकार देणाऱ्यांची नसून न विचारणाऱ्यांची आहे. अविश्वासाची सबब सांगून संशोधक आपली जबाबदारी रुग्णाच्या माथी मारतात.

समावेश आणि न्याय

तथापि संख्या वाढली की न्याय झाला, असेही मानता येत नाही. याचा दाखला आपल्याकडेच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून सुमारे 1 लाख 31 हजार ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोग तपासणीची चाचणी झाली. एचपीव्ही तपासणीने मृत्यू घटतात, हे 2009 मध्ये तिने जगाला दाखवले. तिचे शास्त्रीय मोल मोठे आहे. पण तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना केवळ माहिती देण्यात आली, तपासणी नव्हे. त्या गटात या रोगाने 64 मृत्यू झाले, तर एचपीव्ही तपासणीच्या गटात 34. या रचनेच्या नैतिकतेवर पुढे आंतरराष्ट्रीय वाद झाला.

खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प 2010 मध्ये थांबवण्यात आला. त्या काळात झालेल्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचा निर्वाळा चौकशीत मिळाला आणि लसीची उपयुक्तताही सिद्ध आहे. परंतु पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याबद्दल संसदीय समितीने 2013 मध्ये कठोर ताशेरे ओढले. येथे गरीब व आदिवासी मुली 'समाविष्ट' होत्या, पण संमतीचा अधिकार त्यांच्या घरापर्यंत पोहोचला नव्हता.

निष्कर्ष

अमेरिकेत स्त्रियांना चाचणीबाहेर ठेवले गेले. आपल्याकडे आत घेताना त्यांच्या हक्कांची पुरेशी बूज राखली गेली नाही. दोन्हींच्या मुळाशी दुर्बल स्त्रीला निर्णयाची भागीदार न मानण्याची वृत्ती आहे. म्हणून प्रत्येक चाचणीने तीन प्रश्नांची उत्तरे प्रसिद्ध करावीत : कोणाला विचारले, कोणाला कोणत्या निकषावर वगळले आणि सिद्ध झालेला उपचार शेवटी कोणाला मिळाला. 2022 च्या अमेरिकी कायद्याने औषधचाचण्यांसाठी विविधतेचा आराखडा आवश्यक ठरवला. त्याविषयीची मसुदा-मार्गदर्शिका जानेवारी 2025 मध्ये शासकीय संकेतस्थळावरून हटवली गेली व न्यायालयाच्या आदेशानंतर परत आली. मिळवलेला हक्क किती सहज पुसला जाऊ शकतो, हे यावरून ध्यानात येते. हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी आजही प्रयोगशाळांत जिवंत आहेत. त्यांचे ऋण फेडायचे, तर त्यांच्यासारख्या स्त्रीला आधी विचारले पाहिजे आणि नंतर उपचारही मिळाला पाहिजे.